चौकातलं महाकाय ख्रिसमस झाड कसं उभं करतात

वीस मीटर उंचीचं, मुळं नसलेलं झाड भर चौकात, गर्दीच्या डोक्यावर, पाच-सहा आठवडे उभं ठेवणं हे मुळात बांधकामाचं काम आहे. सजावट हा त्याचा शेवटचा आणि सगळ्यात सोपा भाग. लंडनच्या ट्रॅफल्गार चौकात १९४७ पासून दरवर्षी ऑस्लो शहराने भेट दिलेलं झाड उभं राहतं. दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे राजे हाकोन सातवे लंडनच्या आश्रयाला होते आणि ब्रिटनने नॉर्वेला साथ दिली होती, त्याची ही जाण. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर सेंटरमध्ये १९३१ साली बांधकामावरच्या मजुरांनी स्वतःहून एक झाड लावलं आणि १९३३ पासून दिवे लावण्याचा समारंभ सुरू झाला. बॉस्टनला झाड येतं ते कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाहून, कारण ६ डिसेंबर १९१७ च्या हॅलिफॅक्स बंदरातल्या स्फोटानंतर बॉस्टनने तातडीने मदत पाठवली होती. तिन्ही प्रथांचा उगम वेगवेगळा असला तरी झाड उभं करण्याची रीत थोड्याफार फरकाने एकच आहे. आणि त्यातल्या बहुतेक चुका दिसतात चौकात, पण झालेल्या असतात जंगलात.

निवड

युरोप-अमेरिकेत या कामाला बहुतेक वेळा नॉर्वे स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष घेतात. तो झपाट्याने उंच होतो, फांद्या लवचिक असतात आणि थंडीत उघड्यावर त्याच्या सुया बऱ्यापैकी टिकतात. (आपल्याकडे बागांमध्ये ज्याला सर्रास ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात तो अरॉकेरिया. त्याचं मूळ दक्षिण प्रशांत महासागरातल्या बेटांवर, स्प्रूसशी त्याचं जवळचं नातं नाही.)

शक्यतो मोकळ्यावर वाढलेलं झाड शोधायचं. दाट जंगलातल्या झाडाला एका बाजूने ऊन कमी मिळतं, खालच्या फांद्या वाळतात आणि चौकात तो उघडा भाग सगळ्यांना दिसतो. रॉकफेलरचं झाड अनेकदा कुणाच्या तरी घराच्या अंगणातलं असतं ते यामुळेच. ट्रॅफल्गारचं झाड ऑस्लोच्या जंगलातून येतं, म्हणून ते निसर्गतःच थोडं विरळ असतं. २०२१ मध्ये त्यावरून बरीच टीका झाली होती. आमच्या मते ती अन्यायाची होती: जंगलातलं झाड असंच दिसतं.

जागेवर गेल्यावर आधी शेंडा बघा. दोन शेंडे फुटलेलं झाड घेऊ नका, वाऱ्यात त्या जोडाशी चीर पडते. मग बुंध्यावर लाकडी हातोडा मारत एक फेरी मारा. पोकळ आवाज आला तर आत कूज आहे, झाड कितीही देखणं असलं तरी सोडा. तिसरी गोष्ट, क्रेन किती जवळ येईल? ५० टनी क्रेनला पाय पसरायला साधारण ६ ते ७ मीटर रुंद, घट्ट जमीन लागते आणि वर विजेच्या तारा नकोत. नवखी माणसं झाडाच्या प्रेमात पडतात आणि वाट नंतर शोधतात, त्यामुळे हा मुद्दा शेवटी उपटतो.

निवड किमान वर्षभर आधी करावी. म्हणजे कोरड्या महिन्यांत झाडाला पाणी देता येतं. तोडताना बुंध्यात ओल भरपूर असेल तर सुया जास्त दिवस टिकतात.

फांद्या बांधणं

कष्टाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित टप्पा हाच. फांद्या मिटलेल्या छत्रीसारख्या खोडाशी आणायच्या, पण एका दमात नाही. जाड फांद्या एकदम ओढल्या तर बगलेत, म्हणजे खोडाला जिथे जोडलेल्या असतात तिथे, तडकतात. त्या दिवशी काही दिसत नाही, मात्र चौकात दोर सोडल्यावर फांदी लोंबकळते.

काम खालून वर न्यायचं. खालच्या फांद्यांच्या वेढ्याभोवती ५ ते ८ सेंटिमीटर रुंद पट्टा घालून त्या वरच्या बाजूला थोड्या उचलायच्या आणि एक दिवस तसंच ठेवायचं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं आवळायचं. मोठ्या झाडाला यात आठवडाभर सहज जातो. बारीक दोरी वापरू नका, ती साल कापते. गोठलेल्या फांद्यांना हात लावू नका. कडाक्याच्या थंडीत लाकूड काचेसारखं मोडतं, म्हणून दुपारची ऊब बघून काम करायचं. गाठी अशा माराव्यात की उंचावर, हातमोजे घातलेल्या हाताने, एका ओढीत सुटतील.

बांधताना प्रत्येक वेढ्यात डोकावून बघा. २०२० मध्ये रॉकफेलरच्या झाडात एक इवलंसं घुबड सापडलं. ते झाडासोबत थेट न्यूयॉर्कपर्यंत आलं होतं. पक्षी वाचला आणि पुढे त्याला सोडून देण्यात आलं, पण तपासणी जंगलातच झालेली बरी.

तोडणी आणि वाहतूक

एवढं झाड पाडत नाहीत. पाडलं तर एका बाजूच्या सगळ्या फांद्या गेल्याच म्हणायच्या. क्रेनचा पट्टा खोडाला साधारण दोन तृतीयांश उंचीवर बांधतात. वजनाचा मध्य खाली, साधारण एक तृतीयांश उंचीवर असतो, त्यामुळे उचलल्यावर झाड सरळ लटकतं. करवत लावण्याआधी क्रेनने वजन तोलून धरायचं. वीस मीटरच्या झाडाचं वजन २ ते ४ टन धरा. रॉकफेलरची मोठी झाडं ११-१२ टनांपर्यंत जातात. ताण कमी पडला तर खोड करवतीच्या पात्यावर बसतं आणि पातं अडकतं. ताण जास्त झाला तर शेवटचे तंतू तुटताच झाड उसळी मारतं आणि करवतवाल्याच्या जिवावर बेततं. म्हणून क्रेनवाला आणि करवतवाला यांच्यात एकच माणूस इशारे देणारा असावा, दोघे कधीच नकोत.

कापणी जमिनीलगत घ्या. चौकातल्या खड्ड्यात जाणारा दीड मीटर याच लांबीतून जाणार आहे. नंतर आडवं करताना शेंडा जमिनीला टेकू द्यायचा नाही. बुंधा आधी गाडीवरच्या घोडीवर (आडव्या टेकूवर) टेकवायचा, मग शेंड्याकडची बाजू हळूहळू खाली आणायची.

गाडीवर बुंधा पुढे, शेंडा मागे. अशाने चालत्या गाडीचा वारा फांद्यांना मिटवत जातो, उलटं ठेवलं तर उघडत नेतो. गाडीसकट उंचीची मर्यादा बहुतेक देशांत ४ मीटरच्या आसपास असते, तेव्हा बांधलेल्या झाडाचा घेर त्यात बसतो का ते आधी मोजा. रस्त्यावरची वळणंही मोजा. रॉकफेलर सेंटरच्या आसपासचे रस्ते असे आहेत की साधारण ३४ मीटरपेक्षा उंच झाड तिथवर नेताच येत नाही. १९९९ मध्ये तिथे ३० मीटरचं झाड उभं राहिलं होतं.

लांबच्या प्रवासात झाड हवाबंद प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये. आत उष्णता आणि बुरशी वाढते. श्वास घेणारी जाळी वापरावी. रोममध्ये २०१७ साली पियाझ्झा व्हेनेझियातलं झाड नाताळाच्या आधीच वाळून गेलं. लोकांनी त्याला ‘स्पेलाक्यो’ म्हणजे केस झडलेला असं नाव ठेवलं आणि महापालिकेची जगभर शोभा झाली.

खड्डा, पाचरी आणि वारा

इथे घाई केली तर माणसं मरतात. २१ डिसेंबर २०२३ रोजी बेल्जियममधल्या औडेनार्डे गावात बाजारचौकातलं सुमारे २० मीटरचं झाड वादळात कोसळलं आणि एका महिलेचा मृत्यू झाला.

वाऱ्याचा हिशेब कागदावर मांडूनच पुढे जा. वारा ताशी ९० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २५ मीटर असेल, तर दाब दर चौरस मीटरला सुमारे ४० किलो येतो. झाड २० मीटर उंच आणि बुडाशी ७ मीटर रुंद धरलं तर समोरून त्रिकोणी क्षेत्र ७० चौरस मीटर. फांद्या वाकतात आणि वारा आरपार जातो, म्हणून ०.४ ने गुणा: सुमारे १,१०० किलो. हा जोर त्रिकोणाच्या मध्यावर, म्हणजे जमिनीपासून पावणेसात मीटरवर लागतो. उलटवण्याची ताकद, म्हणजे जोर गुणिले उंची, साडेसात टन-मीटर झाली. बुंधा खड्ड्यात घट्ट बसावा म्हणून त्याच्याभोवती खाली आणि वर पाचरींचे दोन वेढे ठोकतात. खड्डा दीड मीटर खोल असेल आणि वरच्या व खालच्या पाचरींत १.२ मीटर अंतर असेल, तर वरच्या पाचरींवर सात टनांहून अधिक भार येतो. हे प्राथमिक गणित आहे. अंतिम आकडे आणि सही बांधकाम अभियंत्याचीच हवी.

खड्डा कायमचा बांधलेला असतो: काँक्रीटमध्ये बसवलेला पोलादी नळ, तळाला पाणी निचरायला वाट. बुंधा आत उतरवण्याआधी तेवढ्या भागाची साल पूर्ण सोलायची. सालीखाली ओल असते, पाचरीचा दाब आला की साल सरकते आणि झाड दोन दिवसांत कलतं. सोललेला बुंधा करवतीने गोल करून घ्या, मग पाचरी अंगाला सपाट बसतात.

पाचरी टणक लाकडाच्या, शक्यतो ओकच्या. ट्रॅफल्गारचं झाड अशा डझनभर पाचरींवरच उभं असतं. आधी खालचा वेढा, मग वरचा. समोरासमोरच्या पाचरी जोडीने ठोका. एकच बाजू आधी ठोकली तर ओळंबा बिघडतो आणि तो पुन्हा आणता आणता दुपार जाते. ओळंबा दोन दिशांनी, एकमेकींशी काटकोनात, बघायचा. एका बाजूने सरळ दिसणारं झाड दुसऱ्या बाजूने हातभर कललेलं असू शकतं. क्रेनचा पट्टा तोपर्यंत सोडायचा नाही. वारा ताशी ३५ किलोमीटरच्या वर गेला तर त्या दिवशीचं काम थांबवा.

लाकूड वाळतं तसं आकसतं आणि पाचरी सैल होतात. दुसऱ्या दिवशी एकदा, मग दर आठवड्याला आणि प्रत्येक वादळानंतर त्या ठोकून बघायच्या. नुसता आवाज ऐकून कळतं: घट्ट पाचर टणटणते, सैल पाचर भद्द बोलते.

काही चौकांत पाचरींच्या जोडीला चार बाजूंनी पोलादी तारांचे ताणही देतात. तार खोडाला जिथे बांधायची तिथे रुंद पट्टा हवा, नाहीतर ती साल चिरत आत जाते. वादळाचा इशारा आला की झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोरखंड लावून लोकांना दूर ठेवा, मग समारंभ रद्द झाला तरी चालेल.

मुंबई-पुण्यात मॉलसमोर उभी राहणारी झाडं बहुतेक पोलादी सांगाड्यावरची असतात आणि त्यांना खड्डा नसतो. तिथे भार हेच सगळं. प्लास्टिकची पानं वाऱ्याला वाकत नाहीत, म्हणून ०.४ ऐवजी ०.८ धरा. १२ मीटर उंच, ५ मीटर रुंद शंकूवर त्याच वाऱ्यात सुमारे ९५० किलोचा जोर चार मीटर उंचीवर येतो. पाया ४ मीटर चौरस असेल तर दीडपट सुरक्षिततेसाठी सांगाड्यासकट एकूण वजन किमान ३ टन हवं. वाळूच्या पोत्यांपेक्षा काँक्रीटचे ठोकळे बरे. एक घनमीटर म्हणजे २.४ टन. पोती फाटतात आणि लोक ती बाजूला सरकवतात.

जर्मनीतल्या डॉर्टमुंडमध्ये हीच सांगाड्याची रीत वेगळ्या टोकाला नेली आहे: पोलादी सांगाड्यावर सुमारे १,७०० छोटी स्प्रूसची झाडं लावून ४५ मीटरचं एक झाड उभं करतात.

फांद्या सोडणं आणि भगदाडं बुजवणं

पट्टे वरून खाली सोडा. खालच्या फांद्या आधी पसरल्या तर लिफ्टची पाळणी खोडाजवळ जात नाही. सोडल्यानंतर दोन-तीन दिवस फांद्यांना आपल्या जागी येऊ द्या. पहिल्या दिवशीचे फोटो बघून कुणी निकाल देऊ नये.

मोडलेल्या जागी फांद्या भरता येतात. त्याच झाडाच्या बुंध्याजवळच्या, तोडताना काढलेल्या आठ-दहा फांद्या जपून ठेवाव्यात. खोडात ३ ते ४ सेंटिमीटरचं भोक आत जाताना खाली झुकेल असं तिरकं पाडायचं, फांदीचं टोक निमुळतं तासून हातोडीने ठोकायचं. खोड बारीक असेल तिथे दोन भोकं एकाच पातळीवर नकोत आणि बुडापासून तीन मीटरपर्यंत एकही भोक नको. वाऱ्याचा सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो.

दिवे

दोन रीती आहेत. ट्रॅफल्गारला नॉर्वेच्या पद्धतीने माळा शेंड्यापासून खाली सरळ सोडतात. रॉकफेलरला फांदीफांदीवर दिवे गुंडाळतात: ५०,००० पेक्षा जास्त एलईडी आणि सुमारे आठ किलोमीटर तार. तिथे २००७ साली एलईडी आले आणि रोजचा वापर ३,५१० युनिटांवरून १,२९७ युनिटांवर उतरला. नव्याने सुरुवात करणाऱ्या शहराने उभ्या माळा घ्याव्यात. एक माळ गेली तर एकच रेघ विझते, आणि ती खालून बदलता येते.

माळा २४ व्होल्टच्या असाव्यात, ट्रान्सफॉर्मर जमिनीपासून वर, कुलूपबंद पेटीत, आणि पुरवठ्याला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच). प्रत्येक जोडाच्या आधी तार थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाणी जोडात न शिरता तिथून टपकतं. सगळ्या माळा चढवण्याआधी रात्रभर जमिनीवर पेटवून बघा.

शेंड्यावरचा तारा जड नको. तिथे खोड मनगटाएवढंच असतं. १५ ते २० किलोच्या वर जाऊ नये. रॉकफेलरचा २०१८ पासूनचा तारा सुमारे ४०० किलोचा आहे, पण तिथे झाडही तसंच दणकट निवडतात.

उतरवणं

लंडनचं झाड ६ जानेवारीच्या आत उतरवतात आणि त्याचा भुगा बागेत पसरतात. रॉकफेलरचं लाकूड २००७ पासून ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या गरजूंसाठी घरं उभारणाऱ्या संस्थेला घरबांधणीसाठी जातं. क्रम उलटा: दिवे, तारा, फांद्या, मग खोड वरून तुकड्या-तुकड्यांनी, प्रत्येक तुकडा क्रेनला बांधून. या वेळेपर्यंत फांद्या वाळलेल्या आणि झटकन पेटणाऱ्या असतात, तेव्हा जवळ वेल्डिंग किंवा सिगारेट चालू देऊ नका. भुगा करणाऱ्या यंत्रात घालण्याआधी खोडावरून धातुशोधक फिरवा. एक विसरलेला खिळा पातं फोडतो. पाचरी काढून क्रमांक घालून कोरड्या जागी ठेवा, खड्ड्याच्या तळातला भुसा उपसा, निचऱ्याची वाट पाण्याने धुऊन बघा आणि पोलादी झाकण बोल्टने आवळा.