सेलेनियम आणि कर्कपेशी: या विषयात पीएच.डी. सुरू करणाऱ्यांसाठी

सेलेनियमवर काम करायला आलेल्या विद्यार्थ्यांच्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास असतं: 'सेलेनियम हे अँटिऑक्सिडंट आहे.' ते आधी खोडा, असं मी प्रत्येकाला सांगते. कोणतं संयुग, किती मात्रा आणि कोणती पेशी, हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला काही अर्थ नाही.

नॅनोमोलर मात्रेत मिळालेल्या सेलेनियमपासून पेशी सेलेनोसिस्टीन हे सेलेनियम असलेलं अमिनो आम्ल बनवते आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, थायोरेडॉक्सिन रिडक्टेज अशा एन्झाइम्समध्ये ते वापरते. माणसात अशा सेलेनोप्रथिनांची २५ जनुकं आहेत. ही झाली संरक्षणाची बाजू. तेच सोडियम सेलेनाइट पाच-दहा मायक्रोमोलर दिलं, की ते पेशीतल्या ग्लुटाथायोन या अँटिऑक्सिडंटशी अभिक्रिया करतं, हायड्रोजन सेलेनाइड तयार होतं आणि ऑक्सिजनच्या संपर्कात त्यातून सुपरऑक्साइड, म्हणजे पेशीला इजा करणारं रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन, निर्माण होतं. ग्लुटाथायोनही खर्ची पडत जातं. बऱ्याच कर्कपेशी आधीच ऑक्सिडेटिव्ह ताणाखाली असतात, त्यामुळे त्यांना हा जादा भार झेपत नाही. सेलेनोमेथिओनिनचं तसं नाही. ते मेथिओनिनच्या जागी प्रथिनांत जाऊन बसतं आणि तेवढ्याच मात्रेत बहुतेक वेळा फारसं काही घडत नाही. मिथाइलसेलेनिनिक आम्ल पुन्हा वेगळं, त्यातून मिथाइलसेलेनॉल बनतं.

हा फरक फक्त प्रयोगशाळेपुरता नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत सेलेनियमयुक्त यीस्ट घेणाऱ्यांत प्रोस्टेट कर्करोग कमी आढळला होता. त्या आशेवर ३५ हजारांहून अधिक पुरुषांवर 'सिलेक्ट' ही चाचणी झाली. तिच्यात रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनोमेथिओनिन दिलं गेलं. फायदा दिसेना, म्हणून २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या. संयुग बदललं होतं, शिवाय त्या पुरुषांच्या रक्तात सेलेनियम आधीच पुरेसं होतं. मला यातलं दुसरं कारण जास्त वजनदार वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाचं. पेशी ज्यात वाढवतात त्या साध्या आरपीएमआय मीडियात सेलेनियम घातलेलं नसतं, पेशींना ते त्यात मिसळलेल्या सिरममधूनच (रक्तद्रवातून) मिळतं. त्यामुळे सिरमची बॅच बदलली की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजची पातळीही बदलू शकते. बॅच नंबर वहीत लिहा, आणि पूर्ण प्रयोगमालिकेला पुरेल एवढी एकच बॅच बाजूला काढून ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ कंट्रोलमध्ये होतो. 'रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजनमुळेच पेशी मेल्या' हे दाखवायला सगळे एन-असिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट घालतात. ते थायोल आहे, म्हणजे त्यात गंधक-हायड्रोजनचा गट असतो. पेशीबाहेरच सेलेनाइटचं क्षपण करतं आणि त्यामुळे सेलेनियम पेशीत जास्त शिरू शकतं, म्हणजे वाचवण्याऐवजी मारक ठरू शकतं. व्हिटॅमिन सी घालणाऱ्यांनी एकदा रिकाम्या नळीत सेलेनाइटच्या दाट द्रावणात ते टाकून बघावं. द्रावण नारिंगी-लाल होतं, कारण मूलद्रव्य सेलेनियम वेगळं होतं. मग पेशीपर्यंत सेलेनाइट पोचलंच किती? त्यापेक्षा सुपरऑक्साइड डिस्म्युटेज या सुपरऑक्साइड काढून टाकणाऱ्या एन्झाइमसारखं काम करणारी मँगनीज संयुगं वापरा, आणि पेशी नसलेली विहीर (वेल, म्हणजे प्लेटमधला खळगा) प्रत्येक प्लेटमध्ये ठेवाच.

रिअ‍ॅक्टिव्ह ऑक्सिजन मोजायला वापरतात त्या डीसीएफ रंगाच्या हिरव्या चमकीवर एकट्या विसंबू नका. तो हायड्रोजन पेरॉक्साइडपुरता नाही, लोह आणि उजेड यांनीही चमकतो. जोडीला ग्लुटाथायोनचं क्षपित-ऑक्सिडीकृत गुणोत्तर मोजा. पेशी फोडताना एन-इथाइलमलेइमाइड, म्हणजे ग्लुटाथायोनला बांधून ठेवणारं रसायन, आधीपासूनच बफरमध्ये हवं. नंतर घातलं तर मधल्या वेळात ग्लुटाथायोन नळीतच ऑक्सिडाइज होतं आणि तुम्ही पेशीचं नव्हे, नळीचं गुणोत्तर मोजता.

मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डायसेलेनोडायप्रोपिऑनिक आम्लावर बरंच काम झालंय, ते वाचाच. किरणोत्सारापासून निरोगी ऊती वाचवण्यासाठी हे संयुग तपासलं गेलंय. सेल लाइन हवी असेल तर पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून घ्या. आणि कर्कपेशींच्या बरोबरीने एक सामान्य पेशीही पहिल्या दिवसापासून वाढवा. परीक्षक तोच प्रश्न आधी विचारतात.