संग्रहालयात जुन्या वस्तूंभोवती गप्पांचा कट्टा कसा सुरू करायचा

दोन-तीन जणांनी विचारलं की तुमच्याकडे दर महिन्याला तो संग्रहालयातला कार्यक्रम होतो तो नेमका कसा करता, आमच्या गावात करायचाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही कराडच्या बाजूचे, तालुक्याचं गाव, छोटं तीन खोल्यांचं संग्रहालय, आणि ज्येष्ठ नागरिक संघातली दहा-बारा माणसं. दर महिन्याचा दुसरा बुधवार, सकाळी साडेदहा ते बारा. बस्स एवढंच आहे, पण या दीड तासासाठी काही माणसं महिनाभर वाट बघतात हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सुरुवात कशी झाली ते सांगते म्हणजे पुढचं नीट कळेल. सासरे गेले आणि सासूबाई जवळजवळ बोलायच्या बंद झाल्या, जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. नणंदेकडे पुण्याला गेलो तेव्हा त्यांना सहज म्हणून राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं. तिथे अडकित्ते, दिवे, फणेरपेट्या, काय काय आहे, 20,000च्या वर वस्तूंचा संग्रह, आणि तो सगळा एका माणसाने जमवलेला, दिनकर केळकरांनी, आणि लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा केलेला, आणि पुढे सरकारला देऊनसुद्धा टाकला. तर तिथे वज्री ठेवल्यात, पाय घासायच्या. सासूबाई त्या काचेपुढे थांबल्या त्या हलेनातच. मग म्हणाल्या, "आईची अशीच होती, मोराची, आत खडे होते, टाच घासली की वाजायची." आणि मग परसातली न्हाणी, चुलवण, शेणी, मोठी बहीण, सगळं येत गेलं, नणंद आणि मी नुसत्या एकमेकींकडे बघतोय. चार महिन्यांत त्या इतकं बोलल्या नव्हत्या.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगते, माणसाला "कसं वाटतंय, मन मोकळं करा" म्हणून बोलतं करता येत नाही, हातात वस्तू दिली की ते आपोआप होतं. बाकी सगळी तयारी त्या एका गोष्टीसाठी करायची.

आता परवानगी. संग्रहालय नगरपालिकेचं असेल तर मुख्याधिकाऱ्यांना, सरकारी असेल तर तिथल्या अभिरक्षकांना, ट्रस्टचं असेल तर विश्वस्तांना एक पानी अर्ज द्यायचा. अर्जात मोठं मोठं लिहू नका. किती माणसं, कुठला वार, किती वेळ, किती खुर्च्या, चहा कुठे होणार (वस्तूंच्या खोलीत नाही, व्हरांड्यात) आणि काचेतल्या वस्तूंना आम्ही हात लावणार नाही, एवढं लिहिलं की समोरच्याची निम्मी काळजी जाते. तिकीट असेल तर तिकीट काढा, फुकट मागू नका. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात तेव्हा तो वार सोडा, आणि गावचा बाजाराचा दिवस पण सोडा. पहिल्यांदाच कायमची परवानगी मागितली तर फाइल फिरत राहते, त्यापेक्षा तीन महिन्यांची मागा, एकदा सुरू झालं की तेच म्हणतात चालू ठेवा.

जागा बघताना आपण वस्तू बघतो, पण आधी बाथरूम बघा. किती पायऱ्या आहेत, बाथरूमपर्यंत उजेड आहे का, कडी आतून सहज निघते का. हे नसेल तर बायका येत नाहीत आणि कारण सांगत नाहीत, "जरा काम होतं" म्हणतात. खुर्च्या हाताच्या पाहिजेत कारण गुडघे दुखणारं माणूस हाताला जोर देऊनच उठतं, त्या प्लॅस्टिकच्या बिनहाताच्या खुर्च्यांवर अर्धा तास बसवलं की पुढच्या वेळी ते माणूस येत नाही. गोल बसायचं, माइक नको, कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना बोलणाऱ्याच्या समोर बसवायचं, शेजारी नाही, कारण ते ओठ बघून समजून घेतात. बारापेक्षा जास्त माणसं झाली की दोन गट करा. आणि उद्घाटन, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, पाहुण्यांचे दोन शब्द, यातलं काही म्हणजे काही करायचं नाही. आमचा पहिला कार्यक्रम असाच गेला, पाहुणे चाळीस मिनिटं बोलले, माणसं घड्याळ बघायला लागली, आणि टेबलावर मांडलेल्या वस्तूंना कुणाचा हातच लागला नाही.

वस्तू. काचेतल्या वस्तू आधी सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं बघायच्या आणि मग टेबलावर आपापल्या घरून आणलेल्या वस्तू हाताळायच्या. संग्रहालयाकडे एकसारख्या दोन-तीन असतील आणि त्यांनीच एखादी हाताळायला दिली तर फार छान, पण ती चिंचेने घासून चकचकीत करून ठेवू नका, त्यांच्या वस्तूंना काही करायचं नाही, खाली जाड टॉवेल अंथरायचा आणि दोन्ही हातांनी द्यायची. एका वेळी चारच वस्तू. जास्त मांडल्या की प्रदर्शन होतं. मी साधारण असं निवडते की एक हाताने चालवायची असावी (रवी, सोऱ्या, अडकित्ता), एक वासाची असावी (शिकेकाई, वेखंड), एक घरातल्या पुरुषांच्या रोजच्या कामातली, नाहीतर पुरुष मागे बसून राहतात, आणि एक अशी की जिचं नाव आपल्यालाच माहीत नाही. मापांचा सेट मिळाला तर सोडू नका, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे म्हणायला सुरुवात केली की ज्यांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही ते पण मण, खंडी इथपर्यंत न अडखळता जातात.

आवाजासाठी जात्यावरच्या ओव्या लावा. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्या आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर आहेत, बऱ्याचशा ऐकायला पण मिळतात, फोनला छोटा स्पीकर जोडला की काम झालं. एकच ओवी लावायची आणि बंद करायचं, पुढची आपल्या बायकाच म्हणतात.

आता प्रश्न कसा विचारायचा, आणि हे मी सगळ्यात महत्त्वाचं मानते. "आठवतंय का?" असं कधीच विचारायचं नाही. ज्याची स्मृती कमी होत चाललीय त्याला तो परीक्षेचा पेपर वाटतो आणि चारचौघांत नाही आठवत म्हणायची लाज वाटते, मग माणूस गप्प होतं. त्याऐवजी "हे कसं धरायचं, मला दाखवता का?" असं विचारायचं. डोक्यातून गेलेलं असतं पण हातात राहिलेलं असतं.

आमच्या संग्रहालयात एक लाकडी वाडग्यासारखं होतं, खाली तीन भोकं, चिठ्ठीवर लिहिलेलं "लाकडी वस्तू". तिथल्या कर्मचाऱ्यांनीच ते काढून टेबलावर ठेवलं. एक मावशी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, येतात, चहा पितात, जातात, कधी काही बोलत नाहीत. मी ते त्यांच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, मावशी हे कशाचंय मला कळत नाही. त्यांनी एक हात वाडग्याच्या काठावर ठेवला, दुसऱ्या हाताची मूठ वळली आणि बोटं अगदी हळू, एकेक करून सैल करत मूठ फिरवायला लागल्या, जणू ज्वारीच आहे मुठीत. "चाडं हाय बाय ह्ये. कुरीचं. अशी मूठ सोडायची, दाणं तिन्ही नळ्यात सारखं पडाय पायजेत, न्हाईतर एक वळ दाट नि एक इरळ." मी त्यांची मूठ बघत राहिले, अंगठा कसा आत दाबलेला, करंगळी कशी सैल. म्हणजे पेरणीच्या अवजारावरचं बी सोडायचं वाडगं. लगेच शेजारचे आबा म्हणाले त्या अवजाराला कुरी नाही, आम्ही पाभर म्हणायचो, तिसरे म्हणाले आमच्या आजोळी तिफण, आणि दहा मिनिटं नुसता वाद, सगळ्यांचे आवाज चढलेले, आणि मावशी मधेच ठासून सांगतायत की पेरणी कुणी केलीय, तुमी का मी. अशा वेळी मध्ये पडून खरं काय ते सांगायचं नाही. वहीत तिन्ही नावं लिहायची, कुणाचं कुठलं गाव ते समोर लिहायचं. पुढच्या महिन्यात संग्रहालयाने ती चिठ्ठी बदलली, मावशी तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि नातवाला दोनदा वाचायला लावली.

सगळ्या आठवणी गोड येत नाहीत आणि याची तयारी ठेवूनच बसायचं. आपल्याला वाटतं जातं-पाटा बघून बायका किती खूश होतील, पण एका काकूंनी जात्याला हात लावला नाही, म्हणाल्या पहाटे तीनला उठून दळलंय मी, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी दळलंय, मला नाही बघायचं ते. बरोबर आहे त्यांचं, लगेच बाजूला ठेवलं. आणि एकदा टेबलावर तांब्या होता, साधा पितळी, सगळे आपापल्या घरचं सांगत होते, पाहुणा आला की आधी गूळ-पाणी वगैरे. तेव्हा एक अण्णा शांतपणे म्हणाले, "आम्हाला तांब्या नव्हता. आम्ही ओंजळ धरायचो, वरून ओतायचे." कुणीच काही बोलेना. मला वाटलं विषय बदलावा, चहा मागवावा, पण नाही बदलला आणि तेच बरोबर झालं. थोड्या वेळाने मी एवढंच विचारलं, अण्णा तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता. मग ते सांगत गेले, शाळा, विहीर, मास्तर, वीस मिनिटं, आणि त्या दिवशी वहीत फक्त त्यांचंच लिहिलं. आपल्या गावचा वारसा म्हणजे नुसती पितळेची भांडी नाहीत, कुणाच्या हातात ती होती आणि कुणाच्या नव्हती हे पण त्यातच आलं, आणि ते सांगायला तिथे जागा नसेल तर निम्मं गाव तुमच्याकडे येणारच नाही. तेव्हा माणसं बोलावताना एकाच आळीची बोलावू नका, स्वतः जाऊन सांगा, व्हॉट्सॲपवरच्या मेसेजने फक्त आपल्यासारखेच येतात.

कुणाला रडू आलं तर पाणी द्या, शेजारी बसा, "रडू नका" म्हणू नका. आमच्याकडे 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप निघाला की हमखास कुणाचा तरी आवाज जातो, कारण घरातलं कुणी ना कुणी गेलेलं असतं. मी तो विषय काढत नाही, निघालाच तर अडवत पण नाही, फक्त त्यावर कार्यक्रम संपू देत नाही, शेवटी एखादी ओवी नाहीतर आरती सगळ्यांनी मिळून म्हणतो.

हे उपचार नाहीत हे मात्र डोक्यात पक्कं असू द्या. लंडन आणि केंटमधल्या संग्रहालयांनी 2014 ते 2017 या काळात एकट्या पडलेल्या वयस्कर माणसांसाठी असे गट चालवले, दर आठवड्याला एक अशी दहा-दहा सेशन्स, तिथे या वयस्कर माणसांना आरोग्य आणि समाजसेवेतले लोक पाठवायचे. आपल्याकडे तशी सोय नाही म्हणून आपणच डोळे उघडे ठेवायचे. कुणी सतत झोप नाही म्हणतंय, खाणं सोडलंय, जगून काय करू असं बोलतंय, तर घरच्यांशी बोला, डॉक्टरांकडे न्या. मनाच्या त्रासासाठी टेली मानसचा 14416 हा नंबर सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठी 14567 आहे, घरात त्रास, पेन्शन, निवारा, कशासाठीही. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून चहाच्या टेबलाजवळ चिकटवा, कुणी न विचारता टिपून घेतात.

रेकॉर्डिंगचं. आधी विचारा, प्रत्येक वेळी विचारा, आणि नाही म्हटलं तर नाही. व्हिडिओ ग्रूपवर टाकायचा नाही, आमच्याकडे एकदा एका आजींच्या सासूबद्दलच्या गोष्टीची क्लिप फिरली आणि घरी वादळ झालं, त्या पुन्हा आल्या नाहीत, मला अजून त्याचं वाईट वाटतं. तेव्हापासून फक्त वही, जाड दोनशे पानी. वस्तूचं नाव त्यांच्या तोंडात जसं आलं तसं, शुद्ध करून नाही. कुणी वापरली, कुठून घेतली, आता कुठे आहे. शेवटी वाचून दाखवायचं आणि ते हो म्हणाले तरच संग्रहालयाला झेरॉक्स द्यायची.

खर्च म्हणाल तर चहा-बिस्किटं आणि चतुर्थी-एकादशी आली तर राजगिऱ्याचे लाडू, एवढंच, ते आम्ही आळीपाळीने करतो. रिक्षावाल्या एका दादांना ठरवून ठेवलंय, ते तिघा-चौघांना घरून आणतात आणि सोडतात, हे नसेल तर ज्यांना खरी गरज आहे तेच घरी राहतात.

आणि दुसऱ्या दिवशी जे आले नाहीत त्यांना फोन करायचा, हे चुकवायचं नाही. "काल का आला नाहीत" असं विचारायचं नाही, "पुढच्या वेळी तुमच्या घरची रवी आणताय ना, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय" असं म्हणायचं.