माईंसाठी न भाजलेला चीजकेक

गेल्या श्रावणात माईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, जेवण फार कमी झालं. वय 79, कवळी हिरड्यांना लागते, त्यात श्रावणात मासळी-अंडी बंद. डॉक्टर म्हणाले, प्रोटीन वाढवा. डाळ आणि मुगाचं कढण पिऊन त्या कंटाळल्या होत्या. तेव्हा भाचीनं फोनवर हा जपानी प्रकार सांगितला: घट्ट दह्यात बिस्किटं खोचायची आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवायची. गोव्यात, फोंड्याच्या आमच्या घरात तो आता आठवड्यातून दोनदा होतो.

जपानी चीजकेक म्हणजे अंड्याचा पांढरा भाग फेसून, गरम पाण्याच्या ट्रेत ठेवून भाजलेला, कापसासारखा केक. पण जपानात न भाजलेलाही असतो, त्याला तिथे रेअर चीजकेक म्हणतात. तो सहसा जिलेटिननं घट्ट करतात, आणि जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं, माईंना चालायचं नाही. आपल्या या प्रकारात ते काम बिस्किटच करतं. कोरडं बिस्किट दह्यातलं पाणी ओढून केकसारखं मऊ होतं आणि उरलेलं दही आणखी दाट होतं.

सगळं चक्क्यावर आहे. पहिल्यांदा मी पिशवीतलं दही तसंच वापरलं; सकाळी वर पाणी आणि खाली बिस्किटांचा लगदा. म्हणून आता दही घरीच लावते. 1 लिटर फुल क्रीम दूध, त्यात दोन मोठे चमचे साय काढलेल्या दुधाची पावडर गार असतानाच नीट विरघळवून घ्यायची, मग मंद आचेवर ढवळत दहा मिनिटं उकळायचं. हे उकळणं टाळू नका. चांगल्या तापलेल्या दुधातली पाण्याबरोबर निघून जाणारी प्रोटीनं दह्यातच अडकून राहतात, आणि दहीही घट्ट लागतं. बोट सोसवेल इतकं कोमट झालं की चमचाभर विरजण. मे महिन्यात आमच्याकडे चार-पाच तासांत दही लागतं, पावसात सात-आठ लागतात.

आता टांगणं. सिंधुदुर्गात माझी आई श्रीखंडाचं दही खुंटीला टांगायची. गोव्याच्या दमट उकाड्यात मी तसं केलं तर चक्का आंबट होतो. त्यापेक्षा पातेल्यावर चाळणी, चाळणीत धुतलेलं मलमलचं फडकं, त्यात दही, वर ताटली आणि तिच्यावर वजनाला वाटी. हे सगळं फ्रीजमध्ये आठ तास. साधारण 400 ग्रॅम चक्का निघतो. चमचा उभा केला तर पडता कामा नये, ही खूण. खालचं पाणी टाकू नका, कणीक मळायला घ्या.

चक्क्यात दोन चमचे मध, चिमूटभर मीठ आणि लिंबाची किसलेली साल (फक्त हिरवा भाग, पांढरा कडू लागतो) घालून रवीनं नाही, चमच्यानंच घोटायचं. रवीनं तो पातळ होतो. काचेच्या चौकोनी डब्यात भरायचं. दहा मारी बिस्किटं अर्धी मोडून, मोडलेली बाजू खाली करून, ओळीनं उभी खोचायची. दोन बिस्किटांमध्ये बोटभर दही हवं. वर टोकं दिसली तर दह्यानं झाका, उघडं राहिलेलं टोक वातड होतं.

मारी का, तर सेरादुराची सवय. सेरादुरा म्हणजे मारीचा चुरा आणि मलईचे थर, आपल्याकडे गोव्यात घरोघर माहीत. मी बोलिन्यास, म्हणजे खोबरं-रव्याची बिस्किटंही घालून पाहिली. खोबऱ्याचा वास फार छान उतरला, पण रव्याचे कण माईंच्या कवळीखाली जायला लागले. दात धड असतील त्यांनी जरूर करावं.

डब्याला घट्ट झाकण हवंच. आमच्या फ्रीजमध्ये हळद-मीठ लावलेले बांगडे असतात, आणि दह्याला कसलाही वास पटकन लागतो. एकदा सबंध डबा त्यामुळे फुकट गेला, तेही सोमवारी, माईंच्या उपवासानंतरच्या जेवणाला.

आठ तासांनी सुरी घातली की कापात बिस्किटाच्या तपकिरी रेघा दिसतात आणि सुरीला कुरकुर लागत नाही. लागली तर अजून तीन तास ठेवा. याच्या तीन वाट्या होतात. हिशेब केला तर एका वाटीत 10 ते 12 ग्रॅम प्रोटीन येतं, म्हणजे जवळजवळ दोन अंड्यांचं. मधुमेह असेल तर मध वगळा, बिस्किटांची साखर पुरते. दोन दिवसांत संपवा.

एप्रिल-मेमध्ये वर मानकुराद आंब्याच्या फोडी, पण वाढताना. आधी घातल्या तर पाणी सुटतं. माई मात्र फोडी बाजूला काढून आधी नुसता केक खातात, आंबा शेवटी.