दगडी वास्तूचा फोटो इव्हान्सच्या शिस्तीत: वाई, मेणवली आणि लिंबसाठी

फ्रेडरिक इव्हान्स हा लंडनचा पुस्तकविक्रेता. जन्म १८५३ चा. चीपसाइड भागात त्याचं दुकान होतं, आणि १८९८ मध्ये ते सोडून त्याने कॅमेऱ्याला पूर्ण वेळ दिला, म्हणजे पंचेचाळिशीत. इंग्लंडमधली जुनी कॅथेड्रल टिपणारा त्याच्या तोडीचा माणूस त्या काळात नव्हता. १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅमेरा वर्क’ त्रैमासिकाने एक अंक त्याच्या कामाला वाहिला, त्यात त्याच्यावर लिहिलं होतं नाटककार बर्नार्ड शॉने. पण इथे त्याचं नाव घ्यायचं कारण वेगळं आहे. त्याची कामाची रीत आपल्याकडच्या, म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या वाई, मेणवली आणि लिंबच्या काळ्या दगडाला जशीच्या तशी लागू पडते.

ती रीत अशी: कॅमेरा शेवटी काढायचा. आधी वास्तूत फिरायचं, कुठल्या वेळी कुठल्या खांबावर उजेड येतो ते लिहून ठेवायचं, नको त्या वस्तू हलवून घ्यायच्या, आणि फोटो छापताना हातचलाखी करायची वेळच येऊ द्यायची नाही. इव्हान्स निगेटिव्हवर रंगरंगोटी करण्याच्या सक्त विरोधात होता. त्यामुळे सगळी मेहनत शटर दाबण्याआधीची.

पहिली फेरी बिनकॅमेऱ्याची

सोबत वही, मोबाइलमधलं होकायंत्र आणि मोजपट्टी. वास्तूचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी लिहा. मग सकाळी सात, दहा, दुपारी साडेबारा, चार आणि सूर्यास्ताआधी अर्धा तास अशा पाच वेळांना ऊन कुठवर येतं ते टिपा. एका दिवसात जमलं नाही तर दोन दिवसांत करा, पण अंदाजाने लिहू नका.

दुपारची वेळ साडेबारा घेतली त्याला कारण आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, सातारा ७४ अंशांच्या आसपास. म्हणून सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साधारण १२.३५ च्या आगेमागे; नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२.१८ ला, फेब्रुवारीच्या मध्यावर १२.४८ ला. बरोबर बाराला पोचलेला माणूस ‘ऊन तिरकंच आहे की’ म्हणत परत जातो.

हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो. डिसेंबरात भर दुपारीसुद्धा तो इथे ४९ अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे दक्षिणेकडच्या भिंतीवरचं कोरीवकाम दिवसभर छान उठून दिसतं. उत्तरेकडच्या भिंतीला दुपारचं ऊन मिळतं ते मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत, आणि त्यातला बराचसा काळ पावसात जातो. म्हणून उत्तरेची बाजू एप्रिल-मे मध्ये सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात घ्या. तेव्हा सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो आणि भिंतीला ऊन घासून जातं.

परवानगी आणि आवराआवर

देवळात गुरवकाकांना किंवा पुजाऱ्यांना आधी भेटा, विश्वस्त मंडळ असेल तर लेखी अर्ज द्या. गाभाऱ्यात फोटो घेऊ देतात की नाही ते विचारा. ‘नाही’ म्हणाले की विषय संपला. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला मिळतो म्हणून तिथे ट्रायपॉडही चालतो असं गृहीत धरू नका. ड्रोनची परवानगी ही तर स्वतंत्र भानगड आहे.

इव्हान्स कॅथेड्रलमधल्या खुर्च्या हलवून घ्यायचा, कारण दगडाचे खांब जमिनीतून उगवताना दिसायला हवेत. आपल्याकडे हलवायच्या वस्तू म्हणजे प्लास्टिकच्या खुर्च्या, सतरंज्यांची वळकटी, स्टीलचं रेलिंग हलणारं असेल तर तेही, कूलर आणि फ्लेक्स. हार, समई, घंटा यांना मात्र हात लावू नका. त्या वास्तूच्याच आहेत, आणि त्या काढल्या तर सभामंडप गोदामासारखा दिसतो.

ट्यूबलाइट बंद करता येतील का ते नक्की विचारा. ट्यूबचा निळसर-हिरवट, बल्बचा पिवळा आणि दारातून येणारा दिवसाचा असे तीन उजेड एकाच खांबावर पडले की रंग कुठल्याच सेटिंगने जुळत नाहीत. पंधरा मिनिटं दिवे बंद ठेवलेत तर घरी दोन तास वाचतात.

उभ्या रेषा उभ्याच

सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. शिखर मावत नाही म्हणून कॅमेरा वर झुकवला की खांब आणि भिंती वरच्या बाजूला एकमेकांकडे कलतात, देऊळ मागे रेलल्यासारखं दिसतं. इव्हान्सच्या काळच्या मोठ्या प्लेट कॅमेऱ्याला यावर सोय होती: मागची काच तशीच उभी ठेवायची आणि पुढची लेन्सची पट्टी वर सरकवायची. आजची शिफ्ट लेन्स तेच करते, पण ती महाग.

तिच्याशिवाय काम भागवायचं तर हिशोब करा. फुलफ्रेम कॅमेरा (३६ × २४ मिमीच्या मोठ्या सेन्सरचा), २४ मिमी लेन्स, कॅमेरा उभा आणि अगदी समतल धरला, तर लेन्सच्या पातळीच्या वर अंतराच्या पाऊणपट उंची मावते. कॅमेरा आडवा असेल तर निम्मीच. समजा शिखर जमिनीपासून ६० फूट आणि कॅमेरा ५ फुटांवर. वरचे ५५ फूट मावायला उभ्या फ्रेमला सुमारे ७३ फूट मागे जावं लागेल, आडव्या फ्रेमला ११०. साध्या एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या १८ मिमी किट लेन्सला उभ्या फ्रेममध्ये सुमारे ८५ फूट. मोबाइल १x वर ठेवून उभा धरला तर मॉडेलनुसार ७५ ते ८५ फूट.

वाईच्या आळ्यांत ८५ फूट मागे जायला जागा कुठे! तिथे उपाय वर चढण्याचा. समोरच्या घरातल्या काकूंना विचारून २५ फुटांवरच्या गच्चीत गेलात, तर वरचे ३५ फूटच मावायचे उरतात आणि ४७ फुटांत फुलफ्रेमचं काम होतं. निम्म्या उंचीच्या जितकं जवळ जाल तितकं बरं.

गच्चीही नसेल तर थोडा झुकवा, पण चारही कडांना पंधरा-वीस टक्के जागा मोकळी सोडा. सॉफ्टवेअरने रेषा सरळ केल्या की वरचा भाग ताणला जातो, खालचे कोपरे रिकामे पडतात आणि कडा कापाव्या लागतात. कळस फ्रेमच्या कडेला चिकटून घेतला असेल तर तो हमखास जातो. मोबाइलची ०.५x लेन्स शक्यतो टाळा. कडेचा खांब ती लठ्ठ करते, आणि त्यावर इलाज नाही.

वाईचा ढोल्या गणपती हा या हिशोबाचा चांगला सराव आहे. १७६२ मध्ये गणपतराव रास्त्यांनी बांधलेल्या या देवळाची मागची भिंत पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून टोकदार, माशाच्या आकाराची केलेली आहे. समोरून घेतलेल्या फोटोत हे काहीच कळत नाही. नदीच्या बाजूने, टोक जरा एका कडेला ठेवून घ्या, म्हणजे एक बाजू उन्हात आणि दुसरी सावलीत जाते आणि कोन डोळ्याला दिसतो. ढगाळ दिवशी हा फोटो घेण्यात अर्थ नाही.

घाटाच्या पायऱ्या

इव्हान्सचा सर्वात गाजलेला फोटो पायऱ्यांचाच आहे. वेल्स कॅथेड्रलमधला, १९०३ चा, ‘अ सी ऑफ स्टेप्स’. एक जिना चॅप्टर हाउसकडे (पाद्र्यांच्या बैठकीच्या दालनाकडे) वळतो, दुसरा सरळ वर जातो, आणि शतकानुशतकं पाय पडून झिजलेल्या पायऱ्या लाटांसारख्या दिसतात. झीज दिसते ती केवळ उजेडाच्या दिशेमुळे.

मेणवलीच्या घाटावर हेच करून पाहा. ऊन तुमच्या पाठीमागून येत असेल तर पायरीचा माथा आणि तिची उभी बाजू सारख्याच उजळतात, घाट म्हणजे एक करडी भिंत होते. ऊन पायऱ्यांच्या पलीकडून, वरून तुमच्याकडे येत असेल तर माथे उजळ आणि उभ्या बाजू काळ्या: रेघोट्यांचा फोटो मिळतो. ऊन कडेने, अगदी खालून येत असेल तरच मधले खोलगट भाग सावली धरतात. हे ऊन अर्धा-पाऊण तासच टिकतं, म्हणून ट्रायपॉड आधी लावून बसा. कॅमेऱ्याची उंची गुडघ्याइतकी किंवा कमी. डोळ्याच्या उंचीवरून घेतलं तर पायऱ्या नकाशासारख्या सपाट होतात. जवळची पायरी आणि वरचं देऊळ दोन्ही स्पष्ट हवं असेल तर लेन्सचं छिद्र एफ ११ वर ठेवून (एफचा आकडा मोठा तितकं छिद्र बारीक), फ्रेमच्या खालून साधारण एक तृतीयांशावर फोकस करा. इव्हान्स एफ ३२ सारखं बारीक छिद्र वापरू शकायचा, कारण त्याची प्लेट मोठी होती. आपल्या छोट्या सेन्सरवर एफ २२ ला गेलं की सगळंच मऊ पडतं.

पावसाळ्यात धोम धरणातून पाणी सोडलं की खालच्या पायऱ्या बुडतात. पाणी ओसरल्यावरचं शेवाळं फार निसरडं असतं. ट्रायपॉड आणि माणूस दोन्ही घसरतात. घाट नोव्हेंबरनंतरच.

सभामंडपातला अंधार

काळा दगड कॅमेऱ्याच्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो. फ्रेममध्ये काळंच काळं असेल तर कॅमेरा ते करडं करायला बघतो आणि दारातला उजेड जळून पांढराफेक होतो. जुन्या निगेटिव्हचा नियम होता की एक्स्पोजर सावलीचं धरा. डिजिटलला उलटं करा: उजेड जळू देऊ नका, सावली नंतर उचलता येते. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद, घ्या. दार आणि गाभारा एकाच फ्रेममध्ये असतील तर एका एक्स्पोजरने भागत नाही. दोन-दोन स्टॉपच्या अंतराने (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) पाच फोटो घ्या आणि घरी हलक्या हाताने जोडा. जोडल्यावर सावल्या नाहीशा झाल्या तर जास्त झालं. अंधार हा सभामंडपाचा अर्धा भाग आहे.

आयएसओ (सेन्सरची संवेदनक्षमता) १००, एफ ८, वेळ जी येईल ती. वेळ शोधायची सोपी युक्ती: आयएसओ ६४०० वर चाचणी घ्या. तिथे अर्धा सेकंद बरोबर येत असेल तर १०० वर चौसष्टपट, म्हणजे ३२ सेकंद. कॅमेऱ्याचे ३० चालतात. दोन सेकंदांचा टायमर लावा, ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन बंद ठेवा. तीस सेकंदांत चालते भाविक फोटोत उमटत नाहीत, हात जोडून उभा राहिलेला मात्र भुतासारखा अर्धवट येतो. त्यांना बाजूला व्हा म्हणू नका, थांबा.

वाड्याच्या माडीवर वेगळी अडचण. लाकडी तक्तपोशीवर कोणी चाललं की ट्रायपॉड हलतो आणि तुळयांच्या कडा दुहेरी येतात. शटर उघडं असेपर्यंत स्वतःही पाय हलवू नका. ट्रायपॉडचे पाय फळीच्या मधोमध नकोत, खाली तुळई आहे तिथे ठेवा. खिळ्यांची रांग तुळईची जागा सांगते. १८९६ मध्ये इव्हान्सने इंग्लिश कवी-कारागीर विल्यम मॉरिसच्या केल्म्सकॉट मॅनर या जुन्या घरातला माळा टिपला. नुसते वासे, तिरपा उजेड आणि रिकामी जमीन. दिवाणखाना आवरून झाला की माळ्यावरही एक चक्कर टाका.

लिंबची बारा मोटेची विहीर

विरुबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली ही विहीर अष्टकोनी आहे. व्यास सुमारे ५० फूट, खोली ११०. या दोन आकड्यांतच फोटोची वेळ दडलेली आहे. डिसेंबरच्या दुपारी ऊन समोरच्या भिंतीवर काठापासून जेमतेम ५७ फूट उतरतं, त्याखाली काळोख. मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास सूर्य साताऱ्यावर थेट माथ्यावर येतो, तेव्हा साडेबाराच्या सुमारास ऊन सरळ पाण्यावर पडतं आणि खालून भिंतींवर लकाकी फेकतं. ती वेळ थोडीच असते. आधी अकराला जाऊन जागा धरा.

वरून खाली बघताना कॅमेरा अगदी उभा खाली रोखा, ओळंब्यासारखा. जरा तिरका झाला की अष्टकोनाची एक बाजू लांब दिसते आणि ते नंतर नीट दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्याचा पट्टा मनगटात अडकवा, लेन्सचं झाकण खिशात. काठावर वाकणाऱ्याला मागून धरायला दुसरा माणूस हवाच. आतल्या महालाच्या कमानीतून विहिरीकडे पाहताना बाहेरचा उजेड फार जास्त असतो. तो फोटो भर दुपारी घेऊ नका, सकाळी लवकर घ्या.

छपाई

इव्हान्स प्लॅटिनम प्रिंट करायचा. प्लॅटिनम कागदावर थर न होता त्याच्या तंतूंत बसतं, म्हणून चकाकी नाही आणि काळ्या-पांढऱ्यामधल्या करड्या छटा भरपूर. दगडाला हेच हवं. पहिल्या महायुद्धाच्या काळात प्लॅटिनमचा कागद महागला, मिळेनासा झाला, आणि दुसऱ्या कागदावर छापण्यापेक्षा त्याने कामच सोडलं. १९४३ पर्यंत तो जगला.

आपल्या गावातली लॅब न विचारता ग्लॉसी देते. मॅट सांगा, जमल्यास सुती कागदावर इंकजेट करून घ्या. पुण्यात तशी छपाई होते. आधी पोस्टकार्डाएवढा नमुना काढून दिवसाच्या उजेडात पाहा. स्क्रीनवर उठून दिसणारी सावली मॅट कागदावर हमखास बुजते, म्हणून फाइल जरा उजळ करून द्या. मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने गाव, तारीख, वेळ आणि कॅमेरा कुठल्या दिशेला होता ते लिहा, बॉलपेनने नको. त्याचा दाब पुढून दिसतो. वाई-महाबळेश्वर पट्ट्यातल्या पावसाळी हवेत लेन्सला बुरशी धरते, तेव्हा जून ते सप्टेंबर ती चामड्याच्या बॅगेत ठेवू नका. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि पुड्यांचे दाणे रंग बदलले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून परत भरा. तो तवा स्वयंपाकाचा नको.