पायसोल टाकताना आणि अपग्रेड करताना, आधी तो लपलेला फोल्डर सांभाळा

कॉम्प्युटरवर पत्त्यांचा सॉलिटेअर, म्हणजे एकट्याने खेळायचा डाव, खेळायचा तर मी पायसोल एफसी हा प्रोग्राम सांगेन. फुकट आहे, ओपन सोर्स आहे आणि हजाराच्या वर खेळ आहेत, म्हणजे क्लॉन्डाइकचा, आपल्या नेहमीच्या सॉलिटेअरचा, कंटाळा आला तरी दुसरं काहीतरी सापडतंच.

विंडोजवर सेटअप फाइल डाउनलोड करायची आणि नेक्स्ट नेक्स्ट करत जायचं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. लिनक्सच्या उबंटू किंवा डेबियनवर पॅकेज मॅनेजरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या प्रोग्राम टाकायच्या सोयीत, पायसोलएफसी शोधून टाका. पिपने, म्हणजे पायथनचे प्रोग्राम टाकायच्या टूलने, टाकायची हौस असेल तर उबंटू-डेबियनच्या नवीन व्हर्जनवर ते सिस्टिमच्या पायथनमध्ये सरळ टाकू देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून एरर देतं, तेव्हा व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनचा वेगळा कप्पा, करून त्यात टाका आणि खिडक्या दाखवणाऱ्या टीके इंटरचं पॅकेज सिस्टिममध्ये आहे ना ते बघा, ते नसेल तर खिडकीच उघडत नाही. दोन्हीकडून मात्र टाकू नका, नंतर चालू झालं ते जुनं की नवं तेच कळत नाही.

आता सेटिंग. ऑप्शन्समध्ये ऑटोमॅटिक प्ले आहे, त्यात ऑटो फेस अप चालू ठेवा, उघडा पडलेला पत्ता आपोआप सुलटा होतो. ऑटो ड्रॉप, म्हणजे एक्क्यापासून लावायच्या वरच्या गड्ड्यांवर पत्ते आपोआप पाठवणं, मात्र मी बंदच ठेवतो. समजा इस्पिकचा एक्का अजून कुठेतरी खाली दबलाय आणि इस्पिकची दुर्री वाट अडवून बसलीय, ती ठेवायला चौकटची तिर्री हवी होती, पण ऑटो ड्रॉपने ती आधीच वर पाठवून दिली आणि बदामची तिर्री अजून उलटी, मग बसा बोंबलत! झेड दाबून अनडू होतं म्हणा, पण एच दाबून हिंट घेणाऱ्यांना ते लक्षातच येत नाही.

अपग्रेडला मी स्वतः फसलोय. लिनक्सवर होममध्ये टिंबाने सुरू होणारा पायसोलएफसी नावाचा फोल्डर असतो, फाइल मॅनेजरमध्ये कंट्रोल एच दाबल्याशिवाय दिसत नाही, त्यातच तुमची सेटिंग्ज, अर्धवट सोडलेले डाव आणि हार-जितीचा हिशोब असतो. जुनं साफ करून नवीन टाकू म्हणून मी तोही उडवला आणि सगळे जिंकलेले डाव शून्यावर. नुसतं अपग्रेड केलं असतं तर त्याला हातही लागला नसता. तर आधी खेळ बंद करा, तो अख्खा फोल्डर दुसरीकडे कॉपी करा आणि ज्या वाटेने टाकलं होतं त्याच वाटेने अपग्रेड करा, पॅकेज मॅनेजर असेल तर तोच, पिप असेल तर पिपच.

वेगळ्या चित्रांचे पत्ते हवे असतील तर कार्डसेटचं, म्हणजे पत्त्यांच्या चित्रांच्या संचांचं, पॅक वेगळं मिळतं, ते याच फोल्डरमधल्या कार्डसेट्समध्ये उघडून ठेवायचं, खेळ बंद करून परत चालू केला की ऑप्शन्समध्ये दिसतात.