मलेशियातला एक सीझन आणि कॉन्ट्रॅक्टमधली एक ओळ

गेल्या दोन महिन्यांत चार पोरांनी मला एकच विचारलं, दादा मलेशिया-थायलंडकडं फुटबॉल क्लबात ॲनालिस्टची कामं निघतायत म्हणे, जाऊ का? प्रत्येकाशी फोनवर तासभर बोललो आणि लक्षात आलं की त्यातला पाऊण तास मी एकाच गोष्टीवर घालवतोय, म्हणून ती इथं लिहूनच टाकतो. मी 2024-25 चा सीझन मलेशिया सुपर लीगमधल्या एका क्लबबरोबर व्हिडिओ ॲनालिस्ट म्हणून काढला, म्हणजे मॅच शूट करायची आणि त्यातनं कोचला खेळ उलगडून दाखवायचा. क्लबचं नाव देणार नाही, विचारू पण नका. टॅगिंग, म्हणजे व्हिडिओत पास, शॉट यांवर खुणा, कसं करायचं, क्लिपा कशा कापायच्या, समोरच्या टीमचा रिपोर्ट कसा बांधायचा हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. येत नसेल तर आधी ते शिका, पासपोर्टचं नंतर बघू.

माझं शिक्षण कोल्हापुरात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत झालं. पाटाकडील तालीम आणि प्रॅक्टिस क्लबची मॅच असली की दुपारीच जाऊन जागा धरायची, ट्रायपॉड लावायचा, मागनं माणसं रेटायची, पोरं कॅमेऱ्यासमोर झेंडे फिरवायची आणि तरी मॅच संपेपर्यंत फ्रेम हलू द्यायची नाही. मला जे काय येतं ते तिथनंच आलं. आता ऑनलाइन कोर्स विकणारे मेंटॉर लई झालेत, सहा आठवड्यांत एलिट ॲनालिस्ट करतो म्हणतात, आणि माझं स्पष्ट मत आहे की ज्यानं एक अख्खा सीझन पावसापाण्यात उभं राहून शूट केलेला नाही त्याच्या सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. जवळच्या टीमच्या कोचकडं जा आणि फुकट वीस मॅचेस करून द्या. त्यातल्या चांगल्या पाच मॅचेसचं काम दाखवलं म्हणूनच मला ऑफर आली, सर्टिफिकेट कुणी बघितलं पण नाही.

आता मुख्य गोष्ट.

ऑफर आली मार्च 2024 मध्ये. पगार महिन्याला 4,500 रिंगिट, तेव्हाच्या भावानं ऐंशी हजारांच्या जरा खाली, शिवाय राहायला खोली. क्लबचा माणूस फोनवर म्हणाला, भारतीयांना आता व्हिसा लागतच नाही, तू ये, वर्क पास, म्हणजे काम करायचा परवाना, इथं आल्यावर काढू. त्यातलं अर्धं खरं होतं. 1 डिसेंबर 2023 पासून भारतीयांना मलेशियात 30 दिवस व्हिसाशिवाय जाता येतं. पण ते फिरायला. त्या शिक्क्यावर काम करता येत नाही, पगारी नाही आणि 'ट्रायल' म्हणून पण नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण सीझन 10 मे ला सुरू होणार होता, टीमची तयारी चालू झालेली होती, आणि मला भीती होती की जास्त प्रश्न विचारले तर दुसऱ्या कुणालातरी बोलवतील. तुम्हाला पण हीच भीती वाटणार आहे, म्हणून एवढं खोलात सांगतोय.

कॉन्ट्रॅक्ट अकरा पानांचं होतं. मी पगार बघितला, मुदत बघितली, विमा बघितला, सही केली. तिसऱ्या पानावर एक ओळ होती, की हा करार वर्क पास मंजूर होऊन पासपोर्टवर लागेल त्या तारखेपासून लागू होईल. ती मी वाचली होती बरं का, वाचली नव्हती असं नाही. मला वाटलं ही कायद्याची नेहमीची भाषा असणार.

मी 16 एप्रिलला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी ग्राउंडवर होतो. पास पासपोर्टवर लागला 9 जुलैला. मधले 84 दिवस मी रोज कामावर होतो, प्रीसीझन केली, लीगच्या मॅचेस केल्या, बसमधनं अवे मॅचना गेलो, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत क्लिपा कापल्या. कागदावर मात्र त्या 84 दिवसांत मी तिथं कामाला नव्हतोच. खर्चाला म्हणून महिन्याला 600 रिंगिट हातात मिळाले. जुलैअखेर पहिला पगार आला तो पण 9 तारखेपासून मोजलेला. मी हिशोब घेऊन ऑफिसात गेलो, फायनान्सच्या बाईंनी फाइल काढली, तिसरं पान उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आवाज पण चढवला नाही. म्हणाल्या, सही तुझीच आहे ना?

आता लोक म्हणतात फिफाकडं जायचं होतं. इथंच दुसरी गोम आहे. फिफाच्या ट्रान्सफरच्या नियमांत असं स्पष्ट आहे की खेळाडूचं कॉन्ट्रॅक्ट मेडिकल पास होण्यावर किंवा वर्क परमिट मिळण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. 2021 पासून कोचसाठी पण वेगळे नियम आले, त्यात पण वर्क परमिटची अट चालत नाही. पण कोच कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, जो खेळाडूंना ट्रेनिंग देतो, टीम निवडतो, मॅचमध्ये डावपेच ठरवतो, किंवा ज्याच्या कामाला कोचिंग लायसन्स लागतं तो. ॲनालिस्ट, फिजिओ, किटमॅन (टीमचे कपडे-बूट सांभाळणारा) यात सहसा बसत नाहीत. मी समजत होतो की बेंचवर बसणारे सगळे एकाच छत्रीखाली. नाही. आपण त्या देशातले साधे नोकरदार, आपल्याला तिथलं कामगार खातं. आणि तिथं जायचं तर पहिला प्रश्न येणार, या 84 दिवसांत तू कुठल्या पासवर काम करत होतास?

म्हणून सांगतो, कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरू होण्याची तारीख कॅलेंडरमधली पाहिजे. दिवस, महिना, वर्ष. 'मंजुरीनंतर' नको, 'औपचारिकता पूर्ण झाल्यावर' नको. आणि पास मंजूर झाल्याचं पत्र हातात आल्याशिवाय विमानात बसू नका. क्लब म्हणेल आम्हाला आत्ता माणूस पाहिजे. तर आपलं काम असं आहे की मॅचचा व्हिडिओ मिळाला तर समोरच्या टीमचा रिपोर्ट घरी बसून पण होतो, हे त्यांना सांगा. पास येईपर्यंत मी भारतातनं रिपोर्ट पाठवतो, त्याचे पैसे भारतातल्या खात्यावर द्या. हे मला तेव्हा सुचलं असतं तर मी ते तीन महिने कोल्हापुरात बसून ताठ मानेनं काम केलं असतं.

अजून एक बघा, कॉन्ट्रॅक्ट कोणाच्या नावानं आहे. मलेशियात 2020-21 च्या सुमारास राज्यांच्या फुटबॉल असोसिएशनपासून क्लब वेगळे करून खाजगी कंपन्या केल्या, म्हणून बऱ्याच टीमच्या नावातलं एफए जाऊन एफसी आलं. वर लोगो क्लबचा असतो पण मालक म्हणून सही करणारी कंपनी कुठली, आणि पाससाठी अर्ज करणारी कंपनी तीच आहे का, हे विचारा. अर्ज मालकानंच करायचा असतो, आपण काउंटरवर जाऊन काही होत नाही.

त्या 84 दिवसांत 30 दिवसांचा शिक्का दोनदा संपला. क्लबनं बसचं भाडं दिलं आणि सांगितलं, थायलंडला हात्याईला जा, एक रात्र रहा, परत ये, म्हणजे नवा शिक्का मिळेल. मे महिन्यात काही झालं नाही. जूनमध्ये परत येताना बुकित कायु हितामच्या चेकपोस्टवर काउंटरवरच्या बाईंनी माझा पासपोर्ट मागनं पुढं आणि परत पुढनं मागं चाळला. मोबाइलवरचं डिजिटल अरायव्हल कार्ड बघितलं. मग माझ्या सॅककडं बघून विचारलं, 'केर्जा?' म्हणजे काम. सॅकमध्ये दोन हार्ड डिस्क होत्या आणि त्यावर क्लबच्या नावाची पट्टी मीच चिकटवलेली. मी म्हणालो, नो, हॉलिडे. त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं, शिक्का मारला आणि म्हणाल्या, नेक्स्ट टाइम प्रॉपर पास. बाहेर बसस्टॉपवर येऊन बसलो तर हात थरथरत होते. आयुष्यात पहिल्यांदा सरकारी माणसापुढं तोंडावर खोटं बोललो होतो. आईला फोन लावला, इकडचं-तिकडचं बोललो आणि ठेवून दिला. आता लिहिताना पण पोटात कसंतरी होतंय.

घाबरवायला लिहीत नाहीये. काम खरंच चांगलं आहे आणि तिथल्या लोकांचा फुटबॉलवर जीव आहे. त्या सीझनला 13 टीम होत्या, म्हणजे प्रत्येकी 24 मॅचेस, आणि त्या मे ते एप्रिल अशा पसरलेल्या, कारण मध्ये इंटरनॅशनल ब्रेक, कप, डिसेंबरात आसियान चॅम्पियनशिप. कधी कधी दोन-तीन आठवडे मॅचच नाही. सुरुवात पण वाईट झाली, 5 मे ला सेलांगोर क्लबचा खेळाडू फैसल हलिमवर मॉलमध्ये ॲसिड हल्ला झाला आणि सेलांगोरनं जोहोरला सलामीची मॅच खेळायला जायला नकार दिला. आमच्या ड्रेसिंग रूममध्ये त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लीग शेवटी जोहोरच्या क्लबनं, जोहोर दारुल ताझिमनंच घेतली, 2014 पासून सलग अकरावी. भारतीय म्हटल्यावर जुनी माणसं दोन गोष्टी काढायची, बायचुंग भुतिया 2003 ला पेराककडून खेळला ते, आणि 2016 च्या एएफसी कप सेमीफायनलला बंगळुरू एफसीनं जोहोरला घालवलं ते.

कामातलं एकच सांगतो. तिथल्या बऱ्याच ग्राउंडवर रुंद पानाचं काउ ग्रास असतं, पावसानंतर बॉल त्यात अडकतो. जोहोरच्या सुलतान इब्राहिम स्टेडियमवर झोयसिया गवत आहे, तिथं तोच पास सरसर जातो. मी पहिल्या महिन्यात दोन्हीकडचे पासिंगचे आकडे एका तक्त्यात घालून कोचसमोर ठेवले. कोचनं लॅपटॉप बंद केला, मला ग्राउंडवर नेलं, बॉल पायाशी दिला आणि म्हणाला मार. बॉल वीस फुटांवर थांबला. त्यानंतर प्रत्येक रिपोर्टच्या पहिल्या ओळीत मी ग्राउंड आणि पाऊस लिहायला लागलो. मेंटॉर असा असतो, त्यानं दोन मिनिटांत मला जे दिलं त्याचे पैसे घेतले नाहीत.

नोव्हेंबर-डिसेंबरात पगार थकले, सगळ्यांचेच. तिथं याला 'गाजी तेर्तुंगाक' म्हणतात, हा शब्द पहिल्या आठवड्यात शिकून घ्या. किटमॅन पाकचिक, पन्नाशीचा माणूस, रोज सकाळी माझ्यासाठी केळीच्या पानातला नासी लेमाक आणायचा आणि म्हणायचा, सबार. आपल्या सबुरीतलाच शब्द. तो स्वतः तीन मुलांचा बाप, त्याचाही पगार थकलेला. पण बघा काय झालं, दोन परदेशी खेळाडूंनी वकिलाकडनं लेखी नोटीस दिली. फिफाच्या नियमात दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडू 15 दिवसांची लेखी मुदत देऊन कॉन्ट्रॅक्ट मोडू शकतो, आणि प्रकरण पुढं गेलं तर क्लबवर नवीन खेळाडू घ्यायला बंदी येऊ शकते. त्यांचे पैसे जानेवारीत आले. आमचे मार्चमध्ये, रोजे चालू असताना. पाकचिकचे सगळ्यात शेवटी. ज्याच्या हातात कागद त्याला आधी, हे मी डोळ्यांनी बघितलंय. म्हणून प्रत्येक गोष्ट ईमेलवर घ्या. तोंडी बोलणं झालं तरी घरी येऊन दोन ओळी लिहून पाठवा, 'आज आपलं असं ठरलं'. राग दाखवायची गरज नाही, तारीख दाखवायची गरज आहे.

टॅक्सचं थोडक्यात, कॅलेंडर वर्षात 182 दिवस भरले नाहीत तर सहसा नॉन-रेसिडेंट धरून सरळ 30 टक्के कापतात. जुलैनंतर जाणार असाल तर पगार ठरवतानाच हे विचारात घ्या. आणि तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढे स्वतःचे पैसे खात्यावर ठेवूनच निघा, माझ्याकडं होते म्हणून मी टिकलो, उधारीवर गेलेला माणूस टिकत नाही.

ते 84 दिवसांचे पैसे मला मिळाले नाहीत, मिळणार पण नाहीत. तरी परत ऑफर आली तर जाईन. एप्रिलमधल्या शेवटच्या होम मॅचला मी नेहमीसारखा गॅलरीवरच्या मचाणावर होतो, पावसाचं कव्हर कॅमेऱ्यावर, आणि खाली पाकचिक माझ्याकडं बघून हात हलवत होता. ते आठवलं की वाटतं, वर्ष वाया नाही गेलं.

त्या चार पोरांपैकी एकाला खरंच कॉन्ट्रॅक्ट आलंय, दुसऱ्या देशातल्या क्लबचं. परवा रात्री त्यानं पाठवलं. चौथ्या पानावर तीच ओळ, शब्द फक्त वेगळे. मी त्याला ती बदलून तारीख घालायला सांगितलं, तो म्हणाला दादा ते चिडतील. काल दुपारी त्यानं ईमेल केला, मला पण सीसीमध्ये ठेवलाय. उत्तर अजून आलेलं नाही. दर तासाला मी पण इनबॉक्स बघतोय.