कामावर काय घालावे: कापड निवडण्याआधी विचारायचे प्रश्न

नव्या कामावर रुजू होताना बहुतेक जण तिथले जुने लोक काय घालतात ते पाहतात आणि तसेच कपडे घेऊन मोकळे होतात. सुरुवातीपुरते ते चालते. पण कपड्यामागचे कारण कळले नसेल, तर पुढे रंग, कापड किंवा शिवण आपल्या सोयीने बदलताना नेमकी जी गोष्ट बदलायची नसते तीच आपण बदलून बसतो. म्हणून खरेदीपूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे स्वतःशी नीट मांडावीत. हे काम माझ्या अंगाला कोणती इजा करू शकते? माझ्या अंगावरून, केसांतून किंवा खिशातून काय पडले तर हे काम बिघडू शकते? आणि मी कोण आहे हे कोणाला, किती अंतरावरून कळायला हवे? वेल्डरचे कपडे पहिल्या प्रश्नातून येतात, औषधनिर्मितीच्या कारखान्यातले दुसऱ्यातून आणि बँकेतले मुख्यत्वे तिसऱ्यातून. रुग्णालयात तिन्ही प्रश्न एकदमच उभे राहतात, त्यामुळे नवख्याला तिथले नियम जाचक वाटतात.

आग, ठिणग्या किंवा वीज यांच्याशी संबंध येणाऱ्या कामात कापडाची जात हा सर्वांत मोठा निर्णय असतो. पॉलिएस्टर साधारणपणे २५० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळल्यावर कातडीला चिकटते, त्यामुळे भाजलेली जखम अधिक खोल होते. सुती कापड वितळत नाही, मात्र पेट घेते. लोकर सहजासहजी पेटत नाही आणि ज्योत दूर केली की बहुधा आपोआप विझते. कपड्याला लेबल नसेल, तर आतल्या शिवणीतला एक धागा चिमट्यात धरून, आजूबाजूला पेटण्याजोगे काही नाही हे पाहून, ज्योतीजवळ न्यावा. कागद जळल्यासारखा वास येऊन मऊ राख उरली तर कापड सुती, केस जळल्यासारखा वास आला तर लोकर, आणि धागा आक्रसून टोकाला कडक मणी तयार झाला तर कृत्रिम किंवा मिश्र समजावे. ही खबरदारी आतल्या बनियनला आणि पायमोज्यांनाही लागू आहे. वरचा शर्ट जाड सुती घेऊन आत नायलॉन घालणारे लोक कमी नाहीत.

वेल्डिंगच्या कपड्यांत शिवणीलाही तितकेच महत्त्व आहे. कॉलर गळ्यापर्यंत बंद व्हावी, खिशांना झाकणे असावीत, कडांना सुटलेले धागे नसावेत आणि पँटची मोहरी बुटावरून बाहेर खाली यावी. मोहरी वर दुमडलेली असेल तर त्या घडीत पडलेली ठिणगी तिथेच धुमसत राहते, आणि तोंडावर मुखवटा असल्यामुळे ती दिसत नाही, चटका बसल्यावरच कळते. बाह्या मनगटापर्यंत हव्यात, कारण वेल्डिंगच्या प्रकाशातील अतिनील किरणांनी उघडी कातडी तीव्र उन्हात करपते तशीच करपते.

विद्युत जोडण्यांवर काम करणाऱ्यांनी कपड्याच्या लेबलवर कॅलरीचा आकडा पाहावा. विजेचा मोठा लोळ उठला असता प्रति चौरस सेंटिमीटर सुमारे १.२ कॅलरी उष्णता उघड्या कातडीवर फोड आणणारी जखम करण्यास पुरेशी ठरते. ८ कॅलरी असे लिहिलेला कपडा त्याहून कितीतरी मोठा झटका सोसतो, पण कोणत्या जागी किती आकडा लागेल हे त्या जागेची तपासणी करणाऱ्या अभियंत्यानेच ठरवायचे असते. अंगठी, घड्याळ, साखळी या वस्तू मात्र कोणाला न विचारता घरी ठेवाव्यात.

फिरत्या यंत्रापाशी हिशेब उलटा होतो. लेथ किंवा ड्रिलवर काम करताना हातमोजे घालणे सुरक्षित वाटते, प्रत्यक्षात ते धोक्याचे असते, कारण फिरता भाग मोज्याचे टोक पकडतो आणि बोटांसकट हात आत ओढतो. हातमोजे धारदार पत्रा उचलताना घालावेत आणि यंत्र सुरू करण्यापूर्वी काढून ठेवावेत. टाय, मफलर, सैल बाही, गळ्यातील ओळखपत्राची दोरी आणि मोकळे केस यांनाही तोच नियम आहे. बाही वर घ्यायचीच असेल तर ती आतल्या बाजूने दुमडावी, म्हणजे बाहेर घडी राहत नाही.

बुटांच्या बाबतीत आयएसओ २०३४५ हे मानक लक्षात ठेवावे. या मानकाच्या बुटाची पुढची टोपी २०० ज्यूलचा आघात सहन करते, म्हणजे साधारण वीस किलोची वस्तू एक मीटर उंचीवरून पडली तरी बोटे वाचतात. त्याच मानकातील ‘एस ३’ प्रकारात तळवाही खिळ्यापासून सुरक्षित असतो, त्यामुळे बांधकामावर तो घ्यावा. गोदामातील कोरड्या फरशीवर तेवढ्याची गरज नसते. मापाचा बूट संध्याकाळी, कामाचेच जाड मोजे घालून पाहावा, कारण दिवसभर उभे राहिल्यावर पाय थोडे फुगतात आणि टोपी पोलादी असल्यामुळे ती वापराने सैल होत नाही. हेल्मेटबद्दल एवढेच सांगावेसे वाटते की त्यावर रंग लावू नये, मोठा आघात झाल्यावर ते टाकून द्यावे, मग बाहेरून तडा दिसो वा न दिसो.

रस्त्यावर, रेल्वेमार्गावर किंवा मोठी वाहने फिरतात अशा आवारात दिसणे हीच सुरक्षा असते. चमकदार पिवळा किंवा केशरी रंग दिवसा काम करतो, कारण तो सूर्यप्रकाशातील न दिसणाऱ्या अतिनील किरणांचे दिसणाऱ्या प्रकाशात रूपांतर करतो. रात्री दिव्याच्या उजेडात त्याचा हा गुण जवळजवळ नाहीसा होतो. रात्री उपयोगी पडतात त्या रुपेरी पट्ट्या, ज्या वाहनाच्या दिव्याचा प्रकाश त्याच दिशेने परत पाठवतात. अशा चमकदार कपड्यांच्या आयएसओ २०४७१ या मानकात तीन वर्ग आहेत आणि सर्वांत वरच्या वर्गात ०.८० चौरस मीटर रंगीत कापड व ०.२० चौरस मीटर पट्टी लागते, जी केवळ बिनबाह्यांच्या जाकिटात सहसा मावत नाही. जाकीट उघडे ठेवून मिरवले तर समोरचा निम्मा भाग निकामी होतो, हे वेगळे सांगायला नको.

कीटकनाशक फवारणाऱ्यांसाठी एक बारीक पण महत्त्वाची बाब आहे. हात खाली ठेवून फवारणी होत असेल, तर बाही हातमोज्याच्या वरून बाहेर असावी. झाडाच्या शेंड्याकडे हात उंचावून फवारायचे असेल, तर हातमोजा बाहीच्या वर चढवावा. ओघळ कोणत्या दिशेने येईल एवढाच विचार यामागे आहे. पँट बुटात खोचू नये, कारण खोचल्यास द्रावण थेट बुटात उतरते. हे कपडे घरच्या कपड्यांसोबत धुवू नयेत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे आपल्या अंगावरून काय पडले तर काम बिघडेल याकडे. अन्नप्रक्रियेच्या कारखान्यातील कोटाला कमरेच्या वर बाहेरचा खिसा नसतो, कारण वाकल्यावर त्यातील पेन सरळ उत्पादनात पडते; शिवलेल्या बटणांऐवजी टिचबटणे असतात आणि हातमोजे व जखमेच्या पट्ट्या निळ्या असतात, कारण निळ्या रंगाचे खाद्यपदार्थ क्वचितच आढळतात आणि तुकडा पडला तर चटकन दिसतो. स्वयंपाकगृहातील आचाऱ्याचा कोट समोरून दुपदरी असतो. उकळते पदार्थ उडाल्यास छातीवर कापडाचे दोन थर मिळतात आणि पुढचा पदर डागाळला की बाजू बदलून पुन्हा घालता येतो. तिथे बंद, न घसरणारे बूट हवेत, जाळीदार खेळाचे बूट नकोत. प्रयोगशाळेतील सुती कोटालाही टिचबटणेच चांगली, म्हणजे आम्ल सांडल्यास तो एका झटक्यात काढता येतो. तो कोट घालून उपाहारगृहात जाणे ही वाईट सवय आहे; मग तिथे बसलेले ज्येष्ठ तसे करीत असले तरी आपण करू नये.

रुग्णालयात कोपराखाली काही नको हा नियम अनेक ठिकाणी आहे. इंग्लंडच्या आरोग्य विभागाने २००७ मध्ये तशी सूचना काढली होती. मनगटावर घड्याळ किंवा लांब बाही असेल, तर हात नीट धुतले जात नाहीत. शस्त्रक्रियागृहातील हिरव्या रंगालाही कारण आहे. सॅन फ्रान्सिस्को येथील शल्यचिकित्सक हॅरी शर्मन यांनी १९१४ मध्ये पांढऱ्याऐवजी हिरव्याचा पुरस्कार केला, कारण तीव्र दिव्याखाली पांढरे कापड डोळ्यांना दिपवते आणि रक्ताच्या लाल रंगाकडे बराच वेळ पाहून नजर पांढऱ्यावर गेली की हिरवट आभास दिसतो. मायक्रोचिप किंवा इंजेक्शन तयार होणाऱ्या स्वच्छ कक्षात कपडे वरून खाली चढवतात: आधी टोपी, मग अंगरखा, शेवटी पायांची आवरणे, आणि कपडा जमिनीला टेकू द्यायचा नाही.

कार्यालयातील पोशाखाबद्दल इतके लिहिले जाते की येथे थोडक्यात आटोपणे योग्य ठरेल. नियम लिहिलेले नसतील, तर पहिल्या आठवड्यात आपण ज्यांच्यासमोर बसणार आहोत त्यांच्यापेक्षा अर्धी पायरी अधिक औपचारिक राहावे आणि मग जुळवून घ्यावे. ब्रँडपेक्षा माप महत्त्वाचे आहे. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडापाशीच संपावी, बसल्यावर पोटावरील बटणांमध्ये फट दिसू नये, कोटाचे सर्वांत खालचे बटण उघडे ठेवावे. लोकांच्या पैशांशी किंवा वादांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांनी भडक रंग टाळावेत, कारण समोरचा माणूस आधीच अस्वस्थ असतो.

कोणत्याही कामाचा कपडा घेताना दुकानातच हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, पायरी चढल्यासारखा गुडघा उचलावा. काखेत किंवा आसनात कापड ओढले गेले तर एक माप मोठे घ्यावे किंवा दुसरी शिवण शोधावी. कमरेत सैल झाल्यास ते शिंप्याकडून कमी करून घेता येते, काखेत आखूड पडल्यास बहुधा काहीच करता येत नाही. निदान तीन जोड असावेत: एक अंगावर, एक धुण्यात, एक कपाटात.

धुलाईत बरेच चांगले कपडे निकामी होतात. आगरोधक कपड्यांवर ब्लीच वापरू नये आणि धुलाईनंतर कापड मऊ करणारे द्रावणही घालू नये, कारण त्याचा ज्वलनशील थर धाग्यांवर बसतो. चमकदार जाकिटाच्या लेबलवर कमाल धुलाया लिहिलेल्या असतात. तेवढ्या झाल्या की रंग ताजा दिसत असला तरी बदलावे. अग्निशामकांच्या बाहेरील पोशाखात काजळीसोबत घातक रसायने अडकतात आणि या व्यवसायाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये कर्करोगकारक गटात टाकले आहे, त्यामुळे तो पोशाख घरी किंवा गाडीत आणू नये, केंद्रावरच वेगळ्या यंत्रात धुवावा.